तांब्यातलं अर्धं पाणी

मथे, तू आधी नुसतं ऐक. मधे बोलू नगं. बॅग नंतर सोड, तुझ्या ताईच्या लग्नाचं पण सगळं ऐकते, कुणाला कसलं लुगडं नेसवलं ते पण ऐकते, पण आधी हे. पंधरा दिवस तू न्हवतीस, आन् माझ्या पोटात हे असं गोळा होऊन बसलंय. कुणाला सांगू? भिंतीला?

आमची चंद्रव्वा काकू तुला ठाऊक हाय. अगं, मागच्या खेपेला डब्यात शेंगाची पोळी दिलेली ती. माझी आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं, मी डॉक्टर व्हावं म्हणून आज्जीशी तीच भांडली. तर ती काकू आपल्या वॉर्डात हाय. खिडकीजवळची तिसरी कॉट. थांब, रडू नगं, जिती हाय. पण कशी जिती राहिली, त्यात मी काय केलं, ते ऐक.

तिला वर्ष झालं जुलाब लागलेले. वर्ष, मथे! दुष्काळ संपून दोन पावसाळे झाले, त्याच्या नंतरची संक्रांत होती तवा सुरू झालं. आधी आमच्या कुंभारी गावात सगळ्यांना वाटलं पटकी. शेजारपाजारचे दाराला कड्या लावून बसले, पंचायतीचा माणूस विहिरीत पावडर टाकून गेला. पण पटकी वर्षभर चालती व्हय? दिवसाला आठ येळा, धा येळा, नुसतं पाणी. डबडं घेऊन परसाकडं जायाची, येऊन भाकरी थापायची, परत डबडं.

आन् आमची आज्जी. सुंदरम्मा आज्जी. तिनं ठरवूनच टाकलेलं. "सून चोरून खातीया. जिभेला लगाम न्हाय. आत जातंय म्हणूनच भायेर पडतंय." काका तिकडं श्रीपूरला, साखर कारखान्यात फिटर, सीझन चालू झाला की चार महिने तोंड दिसत न्हाय. मग काकूच्या बाजूनं बोलायला कोण? मी. आन् मी काय केलं सांगू? दिवाळीला गेले तवा मोठी मेडिकलची पोरगी म्हणून पलंगावर बसले आन् म्हटलं, "काकू, खरं सांग, तू भजी-बिजी खातीस ना गुपचूप?"

तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं. चुलीत काटक्या सारत बसली.



मग आली शिवरात्र. आज्जी म्हणाली, या टायमाला निर्जळी कर, पोटाला इश्रांती मिळंल. काकूनं केली. मी सुट्टी काढून गेलेले, डोळ्यांनी बघितलं मी. दिवसभर ओठाला पाणी न्हाय. आन् दिवसभर नऊ येळा डबडं! आज्जी अंगणातून वरडायली, "उपाशी माणसाच्या पोटातनं एवढं येतंय कुटनं? कणगीत तोंड घालून आलीस व्हय ग?" काकू उंबऱ्यापर्यंत आली, आन् मथे, तिचे पाय असे गळाले, जसं कुणी दोरीच कापली. खाली बसली ती उठताच येईना. म्हणाली, "यव्वा, पायात जीव न्हाय माझ्या."

बैलगाडीत घातली, सडकेला आणली, तितनं एसटी, सात रस्त्याच्या चौकातनं टांगा, आन् थेट आपला वॉर्ड. हत्तुरे सरांनी तिची कातडी चिमटीत धरली, ती तशीच उभी राहिली, खाली जाईना. नाडी बघितली. परत बघितली. मला म्हणाले, "ही तुझी कोण?" मी म्हटलं, आई. तोंडातून तेच आलं.

रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम दोन पॉइंट एक. सरांच्या कपाळाला अशी आठी पडली. म्हणाले, "पाय म्हणूनच गेलेत. उद्या हृदयाचा नंबर." ड्रिप लावली, तिच्यातून पोटॅशियम सोडलं, पण वरनं भरायचं आन् खालनं त्याच्या दुप्पट जायाचं. 

आता हे नीट ऐक, हे कळलं न्हाय तर पुढचं कळणार न्हाय. सरांनी मला बाजूला घेतलं, आन् टेबलावरच्या कागदावर काढून दाखवलं. आपल्या आतड्यात दिवसाला सात-आठ लिटर पाणी सुटतं. लाळ, पोटातला रस, पित्त, स्वादुपिंडाचं, आन् आतडं स्वतःचं स्वतः सोडतं ते. आन् तेच आतडं सगळं परत ओढून घेतं. भायेर पडतं जेमतेम वाटीभर. मग कधी सोडायचं आन् कधी थांबायचं, हुकूम कुणाचा? हार्मोनचा. आपल्याला परीक्षेत सिक्रेटिन होतं बघ, तू त्याच्या जागी इन्सुलिन लिहून आलेलीस. तसलेच आणखी सापडलेत आता. एकाचं नाव तर व्हीआयपी! खोटं न्हाय, खरंच. ते आलं की आतड्याच्या पेशी पाणी सोडायला लागतात, ते गेलं की बंद.

मला एकदम आपला गुंडामामा आठवला. हॉस्टेलच्या मागं ती लांब लोखंडी चावी घेऊन नळाचं पाणी सोडायला येतो तो. समज त्याला येड लागलं. चावी फिरवली आन् बसला तितंच, बंदच करंना. गल्लीत गटारीपर्यंत पाणी, आन् तिकडं टाकी रिकामी. सर म्हणाले, "बरोबर. स्वादुपिंडात एखादी गाठ झाली असेल आणि ती दिवसरात्र हाच हार्मोन सोडत असेल, तर माणूस उपाशी असू दे नाहीतर जेवलेला, पाणी वाहतच राहणार. मी विलायतेच्या एका मासिकात वाचलंय. डोळ्यांनी एकही पेशंट पाहिलेला नाही."

शिवरात्र! मला तवा शिवरात्र आठवली, मथे. नऊ येळा. आन् पाण्याचा थेंब न्हाय. ती खोटं बोलत न्हवती. वर्षभर न्हवती बोलत.

सर म्हणाले, गाठ एक्स-रेत दिसत न्हाय. रक्तातला हार्मोन मोजायची सोय हितं न्हाय, बर्फात घालून परदेशी पाठवावं लागंल, महिना जाईल. तवर ही न्हाय राहायची. मग एकच खूण. चोवीस तास तोंडानं काय म्हंजे काय द्यायचं न्हाय, नुसती ड्रिप. आन् भायेर पडंल ते मोजायचं. "तरीही लिटरनं वाहिलं, तर मी सर्जनना पोट उघडा म्हणतो. पण या अवस्थेत भूल द्यायची म्हणजे…"

मोजायचं काम माझं. काचेची बरणी, तक्ता, पेन्सिल. मोजलं. तीन लिटर नऊशे. मी तक्ता घेऊन पळतच गेले. सर राऊंडला आले. आन् काकूच्या उशाशी बघितलं तर तांब्या! तिचा तळहात ओला!

"हे पाणी कुणी दिलं?"

आज्जी पदर सावरून उभी. "पाणी कुटं? पाणी न्हाय दिलं कुणी."

"मग तांब्यात काय आहे?"

"तीर्थ हाय."

सगळा वॉर्ड हसला. पलीकडची बाई तर टाके धरून हसली. काकू रोज सकाळी गळ्यातल्या चांदीच्या डबीतनं इष्टलिंग काढून डाव्या हातावर घेती, वरनं पाणी सोडती आन् तेच तीर्थ पिती. सहा वर्षांची असल्यापासून एक दिवस चुकलं न्हाय. आन् आमच्यात तीर्थाला पाणी म्हणतच न्हायत, मथे. ती पूजा करती तवा मी तिकडं तोंड धुत होते, पण बघितलं असतं तरी माझ्या पण डोक्यात आलं नसतं गं. मी तर फिजिऑलॉजी शिकलेली!

सर न्हाय हसले. आज्जीसमोर उभे राहिले आन् हळू विचारलं, "आजी, तीर्थ पाणी नाही. मग काढा काय असतो?"

"काढा म्हंजे औषध. ते काय खाणं हाय व्हय?"

"दिला होता?"

आज्जीनं पदर कपाळावर ओढला. मग म्हणाली, "सोनामुखीचा. वैदूकडनं आणलेला. दोनदा. पोट धुवून निघावं म्हणून. पौषात. आता न्हाय देत."

सोनामुखी! मथे, जुलाब होणाऱ्या बाईला जुलाबाचं औषध! सरांचा चेहरा पडला. मला भायेर नेऊन म्हणाले, "ऐक. सोनामुखी पोटात गेली तर उपाशी माणसालाही असंच पाणी वाहतं, असंच पोटॅशियम जातं. म्हातारी पौषात थांबली की नाही, मला माहीत नाही. थांबली नसेल तर गाठबीठ काही नाही, आणि मी एका मरायला टेकलेल्या बाईचं पोट फुकट फाडायला सांगेन. पुन्हा चोवीस तास. पूजा करू दे तिला, मी अडवणार नाही. पण तीर्थ तू द्यायचं, पाच मिली, मोजून. आणि तू तिथून हलायचं नाही. डोळा लावायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी आठला सुरू केलं. आदली सगळी रात मी जागीच, झोप कुटली लागती. तांब्या मी स्वतः चिंचेनं घासला, नळाखाली धरला, गळ्यापर्यंत भरला. लॅबमधनं मोजायची काचनळी आणलेली, तिच्यानं पाच मिली काकूच्या हातावर सोडलं. ती त्या नळीकडं बघून म्हणाली, "आता देव पण मापानं व्हय ग, गौरव्वा?" आन् हसली. ओठ फाटलेले, त्यातनं रक्त आलं हसताना.

नऊला अर्धा लिटर. अकराला आणखी सहाशे. डोळे आत आत चाललेले तिचे. मधेच नाडी चुकायची. टक, टक, आन् मग कायच न्हाय, आन् मी श्वास धरून, आन् मग टक. "काकू, घशाला कोरड पडली का ग?" तर म्हणायची, "नीर ब्याड, यव्वा, नीर ब्याड." पाणी नगं, पाणी नगं. मी इचारलंच न्हवतं द्यायचं, तरी तीच सांगायची. तिला वाटायचं मी अजून तिच्यावर पाळत ठेवलीया. आन् ठेवलेलीच होती की.

दुपारी ऊन असं, पत्र्याचा वास यायला लागला. पंखा बंद. मी स्टुलावर. आज्जी खाली गोणपाटावर बसून जप करायली. मी भिंतीला डोकं टेकलं. फक्त टेकलं गं.

जाग आली तवा पावणेचार.

मथे, मी दोनला घड्याळ बघितलेलं.

मी ताडकन उठले. काकू डोळे मिटून पडलेली. आज्जी काकूच्या उशाशी. खाली न्हाय, उशाशी. आन् तांब्या तिच्या मांडीजवळ. मी उचलला तर हलका. आत बघितलं. अर्धा. गळ्यापर्यंत भरलेला तांब्या, अर्धा!

म्हटलं, "आज्जी, पाणी कुटं गेलं?"

"कसलं पाणी?"

"तांब्यातलं. तू काकूला काय दिलंस? खरं सांग. काढा दिलास?"

"मी काय चोर हाय व्हय? चार बुकं शिकलीस म्हणून म्हातारीवर आळ घेतीस?" असं बोलली, पण माझ्याकडं बघंना. पदर तोंडावर धरलेला. मी तांब्याचा वास घेतला. कुत्र्यासारखा. चिंचेचा वास, विभूतीचा वास, आन् मधेच वाटायचं कडवट कायतरी, मधेच वाटायचं न्हाय. गोणपाट झाडलं, तिचं गठुडं सोडलं. विभूतीचा गोळा, सुपारी, काकाचा जुना फोटो. पुडी न्हाय सापडली. पण पुडी पोटात रिकामी करून कागद खिडकीतनं टाकायला किती वेळ लागतो?

मग काकूला हलवलं. "काकू, आज्जीनं काय पाजलं तुला?"

"न्हाय."

"घोटभर? तीर्थ म्हणून?"

तिनं डोळे उघडले. आन् परत तसंच बघितलं. दिवाळीला बघितलेलं तसंच. म्हणाली, "तू पण?" बास, एवढंच. डबीवर हात ठेवून परत डोळे मिटले.

मी बरणीत मोजत राहिले. दुसरं काय करणार? मला वाटायचं आत्ता जाऊन सरांना सांगावं. उठायचे, दारापर्यंत जायाचे, परत यायचे. सांगितलं की सर म्हणणार, पुन्हा चोवीस तास. आन् तिची नाडी आता दहाला एक चुकत होती.

सकाळी आठ. बेरीज केली, चार लिटर तीनशे. नवा रिपोर्ट, पोटॅशियम एक पॉइंट नऊ. म्हंजे एवढं भरून पण खाली आलेलं. सर आले, त्यांच्या संगं सर्जन. सरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. दोन आन् चारच्या मधल्या जागेवर त्यांचं बोट थांबलं. तितं आकडा न्हवता, त्या येळात काकूला झालंच न्हाय असं धरून मी नुसती रेघ मारलेली. चारला एकदम सातशे लिहिलेलं. बोट थांबलं, मथे.

"तोंडानं काही नाही?"

"पाच मिली तीर्थ, सर. सकाळी."

"बस्स?"

"बस्स."

"तू पूर्ण वेळ पाहत होतीस? पूर्ण चोवीस तास? गौरी, माझ्याकडे बघ. या एका गोष्टीवर मी सुरी चालवायला सांगतोय."

आज्जी खाली मान घालून. काकू छताकडं बघत. टक, टक, आन् कायच न्हाय.

मी म्हटलं, "व्हय सर. पूर्ण."

काकाला कारखान्यात तार केलेली, पण तो पोचायला संध्याकाळ. सर्जन काकूला म्हणाले, "बाई, पोट उघडावं लागेल. जिवाला धोका आहे. अंगठा तुम्ही देताय का, मालक येईपर्यंत थांबायचं?" काकूनं माझ्याकडं हात केला. "ही म्हणती ना? मग फाडा." आन् अंगठा पुढं केला. शाई मीच लावली. तिचा अंगठा थंड होता, आन् पहिला ठसा वाकडा उठला, परत घ्यावा लागला.

स्ट्रेचर आत गेलं. मी पायरीवर बसले. साडेतीन तास. माझ्या मनात एकच चाललेलं, आत्ता ते पोट उघडतील, हात घालतील, सगळीकडं चाचपतील, आन् कायच नसंल. स्वच्छ. आन् तिचं हृदय टेबलावर थांबंल. आन् खालच्या गोणपाटावर आज्जीच्या पदराला सोनामुखीचा वास आसंल. आन् मारलं कुणी? आज्जीनं न्हाय. मी. एकदा उठले पण, थिएटरचं दार वाजवावं, सांगावं थांबा म्हणून. हात दारावर ठेवला. आन् काढून घेतला.

साडेबाराला सर भायेर आले. टोपी हातात. मी तोंडाकडं बघितलंच न्हाय, पायाकडं बघत राहिले. म्हणाले, "स्वादुपिंडाच्या टोकाला. सुपारीएवढी. काढली."



तिसऱ्या दिवशी बरणी कोरडी. कोरडी! वर्षात पहिल्यांदा. गुंडामामाच्या हातातनं चावीच काढून घेतली. पाचव्या दिवशी पाय हलवले. काल मऊ भात खाल्ला, आन् मला म्हणाली, "आता भजी खाल्ली चोरून तर चालंल ना ग?" मी तिच्या मांडीत तोंड घालून इतकं रडले, सिस्टर रागवायला आल्या.

आन् तांब्याचं ऐक. काल आज्जीनं मला जिन्यापाशी गाठलं. काका नाश्त्याला गेलेला. म्हणाली, "गौरव्वा, ते पाणी मी पिले." म्हणाली, सुनेसाठी तिनं पण त्या सोमवारी निर्जळी धरलेली, कुणाला न सांगता. सत्तर वर्षांची म्हातारी, दुपारचं ऊन, घसा सुकला, आन् मी झोपलेली. "वर्षभर सुनेला चोर म्हटलं, आन् मीच चोरून पिले. मग तुला काय तोंडानं सांगू?" पदरानं नाक पुसायली. मला हसू पण येईना, रागवायला पण येईना.

पण हे काल कळलं, मथे. काल! त्या सकाळी मला काय ठाऊक होतं? अर्धा तांब्या, आज्जीची खाली घातलेली मान, आन् दोन ते पावणेचार माझे मिटलेले डोळे. एवढंच. गाठ निघाली म्हणून मी शहाणी. नसती निघाली तर?

आन् आता सरांनी तो तक्ता मोठ्या कागदावर काढायला सांगितलाय. उद्या सगळ्या वर्गापुढं लावणार. खाली लिहायचं, सतत निरीक्षण, चोवीस तास, आन् माझं नाव. सकाळी मला जिन्यात बघून म्हणाले, "तू होतीस म्हणून मी धीर केला." मला तोंडच उचलता येईना. रातच्याला डोळे मिटले की ते बोट दिसतं, दोन आन् चारच्या मधल्या रेघेवर थांबलेलं. जाग येती आन् पहिलं घड्याळ बघते.

काकूनं दोनदा तसं बघितलेलं माझ्याकडं. तिसऱ्यांदा नगं होतं मला, म्हणून खोटं बोलले का? का नाडी थांबंल म्हणून? का नुसती घाबरले, झोपले म्हणायची लाज वाटली म्हणून? माझं मलाच कळंना.

तू खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून बोलू नगं. तक्त्यावर बोट ठेवून सर इचारायलेत, पूर्ण चोवीस तास बघत होतीस का, आन् काकू छताकडं बघत पडलीया, आन् नाडी चुकतीया… माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?